खान्देशातले आरसीसी घर: कार्बोनेशन आणि क्लोराइड कसे ओळखावे, मोजावे आणि आवरावे

सळई गंजण्याचा विषय निघाला की खान्देशातला माणूस सहसा सुरत-मुंबईकडे बोट दाखवतो. खारे वारे तिकडचे, आपल्याकडे समुद्र नाही आणि वर्षाचे आठ महिने हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा इथला स्लॅब गंजणार कशाने, असा हा समज आहे. प्रत्यक्षात जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या जुन्या वसाहतीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या छज्ज्याखाली उभे राहून वर पाहिले, तर सळईच्या रेषेत गेलेला तडा, सुटलेला पोपडा आणि तांबूस ओघळ दिसायला फार शोधावे लागत नाही. इथली कोरडी हवा कार्बोनेशनला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटमधला चुना संपवण्याला, मानवते, आणि क्लोराइड, म्हणजे मिठासारख्या क्षारांतला घटक, तर आपण स्वतःच बोअरच्या पाण्यातून, पोटॅश खताच्या गोण्यांतून आणि फरशी धुण्याच्या ॲसिडमधून घरात आणतो. या दोन दुखण्यांचे निदान निराळे आणि उपायही निराळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की पैसा जातो आणि गंज तसाच राहतो. घर बांधणाऱ्याने, बांधून घेणाऱ्याने आणि जुन्या घराची दुरुस्ती काढणाऱ्याने काय करावे, ते पुढे सांगितले आहे.

आत नेमके काय घडते

सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर होणाऱ्या क्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्या ओळखीचा विरलेला चुना, तयार होतो. हा चुना आणि सिमेंटमधल्या इतर अल्कली मिळून काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कधर्मितेचे माप, साडेबारा ते साडेतेराच्या आसपास ठेवतात. इतक्या अल्कधर्मी पाण्यात सळईवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पण घट्ट पापुद्रा बसतो आणि तो शाबूत असेपर्यंत ओल व हवा दोन्ही मिळूनही सळई गंजत नाही म्हटले तरी चालेल. हा पापुद्रा दोन वाटांनी मोडतो.

पहिली वाट कार्बोनेशनची. हवेत सुमारे ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या पाण्यात विरघळतो आणि चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. चुना संपला की पीएच नऊच्या खाली उतरतो आणि पापुद्रा टिकत नाही. चुना संपलेल्या भागाची ही आघाडी पृष्ठभागापासून आत सरकत जाते, आणि ती सळईपाशी पोहोचली की त्या भागातली सळई लांबवर, बहुधा सर्वत्र सारखी गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे आतून दाब येऊन कव्हर, म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण, फुटते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: सळई नसलेल्या काँक्रीटला, म्हणजे पेव्हर ब्लॉक, कर्ब किंवा साध्या कोब्याला, कार्बोनेशन बाधत नाही. कॅल्शियम कार्बोनेट छिद्रांत बसल्याने पृष्ठभाग उलट थोडा कठीणच होतो, आणि जुन्या वाड्यांचे चुन्याचे काम वर्षानुवर्षे घट्ट होत गेले तेही याच क्रियेने. दुखणे सळईचे आहे.

दुसरी वाट क्लोराइडची. क्लोराइड पीएच फारसा उतरवत नाही. तो पापुद्र्याला एखाद्या ठिकाणी भोक पाडतो आणि तिथे सळईत खोल खड्डा कोरत जातो. या क्रियेत क्लोराइड संपून जात नाही, तोच पुन्हापुन्हा कामाला येतो. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ०.४ टक्के क्लोराइड सळईपाशी साठला की धोका सुरू होतो असे सर्वसाधारणपणे धरतात, मात्र सिमेंट, ओल आणि काँक्रीटचा दर्जा यांनुसार हा आकडा खाली-वर होतो. क्लोराइडचा गंज फसवा असतो, कारण बाहेर पोपडा सुटण्यापूर्वीच एखाद्या जागी सळईचा निम्मा छेद गेलेला असू शकतो.

दोन्ही एकत्र आले तर प्रकरण अधिक वाईट होते. काँक्रीटमध्ये गेलेला काही क्लोराइड सिमेंटमधल्या ॲल्युमिनेट संयुगांशी बांधला जातो आणि बांधलेला असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. त्या भागात कार्बोनेशन पोहोचले की ही संयुगे मोडतात, क्लोराइड मोकळा होतो आणि आघाडीच्या पुढे सरकत सळईकडे जातो. म्हणजे ज्या कॉलमला पोटॅश लागला आहे आणि ज्याचे कव्हर पातळही आहे, त्याला थोडा क्लोराइडसुद्धा पुरतो.

खान्देशच्या हवामानाचा संबंध येथेच येतो. कार्बोनेशन सर्वांत वेगाने होते ते हवेची सापेक्ष आर्द्रता ५० ते ७० टक्के असताना; छिद्रे पाण्याने पूर्ण भरलेली असतील तर वायू आत शिरत नाही आणि अगदी कोरडी असतील तर विरघळायला पाणी मिळत नाही. गंजाला मात्र ओल लागते. त्यामुळे ज्या जागा उन्हाळाभर कोरड्या राहतात आणि पावसाळ्यात किंवा गळतीने भिजतात, त्या सर्वांत आधी जातात: छज्ज्याची खालची बाजू, गच्चीचा कठडा, बाथरूमखालचा स्लॅब, पन्हाळीचे पाणी ज्याच्यावर पडते तो कॉलम. घराच्या आतल्या कोरड्या खोलीत कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचूनही पुढे अनेक वर्षे काही घडत नाही, कारण तिथे गंजायला पाणीच नसते. नेमक्या अशा खोलीवरच्या गच्चीला गळती लागली की दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि घरमालकाला ते अचानक झाल्यासारखे वाटते.

नवे काम करताना

कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. काँक्रीट बरे असेल तर तिचा गुणक वर्षाच्या वर्गमुळाला ३ ते ४ मिलिमीटर धरता येतो. सच्छिद्र, पाणीदार काँक्रीटला तो याच्या दुपटीवरही जातो. गुणक ४ धरला तर २० मिलिमीटर कव्हर ओलांडायला २५ वर्षे लागतात, आणि त्याच काँक्रीटमध्ये कव्हर चुकून १० मिलिमीटर राहिले असेल तर सव्वासहा वर्षे पुरतात. कव्हर निम्मे झाले की आयुष्य चौथ्या हिश्श्यावर येते. साइटवर एवढे एकच गणित लक्षात ठेवले तरी पुष्कळ नुकसान टळते.

तेव्हा पहिले काम कव्हरचे. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार आतल्या, पावसापासून सुरक्षित भागासाठी कव्हर किमान २० मिलिमीटर, आणि पाऊस-ओल लागणाऱ्या बाहेरच्या भागासाठी ३० मिलिमीटर हवे, कॉलमला साधारणपणे ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर. सळईखाली खडीचा तुकडा, फरशीची कपची किंवा लाकडाचा ठोकळा सरकवण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. खडी घसरते, लाकूड कुजते आणि फरशीच्या कपचीच्या कडेने पाण्याला थेट सळईपर्यंत वाट मिळते. काँक्रीटइतक्याच घट्ट मालाचे, तयार मिळणारे सिमेंटचे कव्हर ब्लॉक तारेने बांधून वापरावेत, आणि काँक्रीट ओतण्याआधी घरमालकाने स्वतः पट्टी घेऊन चार ठिकाणी मोजावे. छज्ज्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि काम करणारी माणसे तिच्यावरून चालून ती खाली दाबतात. त्यासाठी खुर्च्या, म्हणजे सळई वर धरणारे आधार, बांधाव्यात आणि चालायला फळ्या टाकाव्यात.

दुसरे काम पाण्याच्या प्रमाणाचे, आणि खान्देशात भांडण होते ते इथेच. बाहेरच्या आरसीसीसाठी मानक एम २५ प्रतीचे काँक्रीट, घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंटचे प्रमाण जास्तीत जास्त ०.५० सांगते. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला, वाळूतली ओल धरून, २५ लिटर पाणी. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर असताना खडी तापलेली, वाळू तापलेली आणि उघड्यावरच्या टाकीतले पाणीही तापलेले असते. मालाचा ओलावा उडतो, तो ताठरतो, आणि वरून आवाज येतो, “माल घट्ट व्हई गया”. लगेच कोणीतरी बादली ओतते. गोणीमागे केवळ ५ लिटर पाणी वाढले तरी प्रमाण ०.६० वर जाते, आणि वाढलेले हे पाणी पुढे उडून गेल्यावर त्याच्या जागी एकमेकांना जोडलेली छिद्रे उरतात, ज्यांतून कार्बन डायऑक्साइड आणि क्लोराइड दोघेही सुखाने आत जातात. उन्हाळ्यात काँक्रीट पहाटे सुरू करून दहाच्या आत आटोपावे, खडीवर आदल्या रात्री पाणी मारून ती सावलीत ठेवावी, आणि माल चालायला हवा असेल तर क्लोराइडविरहित प्लॅस्टिसायझर वापरावे. डब्यावर तसा उल्लेख आहे की नाही, ते वाचून घ्यावे. लवकर घट्ट होण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड असलेले कोणतेही रसायन आरसीसीत घालू नये.

तिसरे काम पाणी मारण्याचे. माझ्या मते खान्देशातल्या काँक्रीटचे सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होते, कारण स्लॅबवर आळी करून पाणी भरण्याची रीत सर्वत्र पाळली जाते, पण कॉलम आणि बीम मात्र दिवसातून दोनदा पाइपने ओले करून सोडून दिले जातात. मे महिन्याच्या झळीत उभा पृष्ठभाग तासाभरात वाळतो. पृष्ठभागापासूनचे २०-३० मिलिमीटर काँक्रीटच सळईचे रक्षण करते आणि वाळतेही तेच सर्वांत आधी. आतला गाभा आपली ओल धरून पिकतो, कव्हर मात्र कच्चे राहते. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १४ दिवसांपर्यंत सतत ओल ठेवावी, असे मानक सांगते. कॉलमला गोणपाट गुंडाळून, वर प्लॅस्टिक बांधून, गोणपाट कधीही कोरडे पडणार नाही असे पाहावे. शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या कॉलमच्या डोक्याशी गुंडाळून थेंबथेंब पाणी सोडण्याची युक्ती आपल्याकडे काही जण करतात. ती उत्तम आहे आणि तिला पाणीही कमी लागते.

राखमिश्रित सिमेंटविषयी दोन शब्द. बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे असेच राखमिश्रित, असते आणि भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांची राख अशाच कामांत जाते. ही राख चुन्याशी संयोग पावून छिद्रे बारीक करते व क्लोराइडला चांगला अटकाव करते; पण त्यात चुना खर्च होत असल्याने कार्बोनेशनशी लढायला साठा कमी उरतो. नीट पाणी मारले तर छिद्रे इतकी बारीक होतात की हा तोटा भरून निघतो, आणि चारच दिवसांत पाणी बंद केले तर पीपीसीचे कव्हर साध्या सिमेंटपेक्षा लवकर कार्बोनेट होते. पीपीसी घेण्यात काहीच चूक नाही, मात्र चौदा दिवसांच्या पाण्याची सोय आधी असावी.

क्लोराइड घरात येतो तो कुठून

तापी, गिरणा किंवा पांझरेच्या वाळूत समुद्री वाळूसारखे मीठ नसते आणि काळ्या दगडाच्या खडीतही नसते, म्हणून नव्या कामात पहिला संशय पाण्याचा घ्यावा. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, सल्फेट ४०० पेक्षा जास्त नसावे आणि पीएच ६ पेक्षा कमी नसावा. ‘पिण्याचे पाणी काँक्रीटला चालते’ हा ठोकताळा बहुधा बरोबर ठरतो, परंतु पिण्याच्या पाण्याच्या मानकात दुसरा स्रोत नसल्यास १००० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालवून घेतलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. खोल बोअरचे पाणी जिभेला मचूळ लागत असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक बाटली द्यावी आणि अहवाल आल्याशिवाय स्लॅब ओतू नये. घनमीटर काँक्रीटमध्ये सर्व घटकांतून मिळून ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नसावा, ही आरसीसीची मर्यादा आहे. लिटरला १५०० मिलिग्रॅम क्लोराइड असलेले १८० लिटर पाणी एका घनमीटरला वापरले, तर त्यातूनच ०.२७ किलो क्लोराइड आत जातो, म्हणजे मर्यादेचा जवळपास निम्मा भाग सळईवर माल पडण्याआधीच खर्च होतो.

जुन्या कामात मात्र पाण्यापेक्षा मोठा अपराधी पोटॅश आहे. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीपट्ट्यात म्युरेट ऑफ पोटॅश भरपूर वापरला जातो, आणि हा पदार्थ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ५० किलोच्या गोणीत २२-२३ किलो क्लोराइडच असतो. वर सांगितलेल्या मर्यादेने हिशेब केला, तर एका गोणीतला क्लोराइड ३५ घनमीटरांहून अधिक काँक्रीट बिघडवायला पुरेसा आहे. या भागातल्या एका गोदामात मी पाहिलेला कॉलम खाली कोब्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओलसर काळपट होता आणि वर मांडीच्या उंचीला त्याचे काँक्रीट फुटलेले होते. मालकाला वाटत होते की ट्रॅक्टरचा धक्का लागला असावा. प्रत्यक्षात फाटक्या गोण्यांतला पोटॅश जमिनीवर सांडत होता, फरशी धुताना तो पाण्यात विरघळत होता, कॉलम ते पाणी वातीसारखे वर ओढत होता, आणि जिथे पाणी उन्हाने उडत होते तिथे मीठ साचत होते. फुटण्याची जागा म्हणून जमिनीलगत नसून थोडी वर असते.

खताचे गोदाम किंवा ठिबकच्या खतटाकीचा ओटा नव्याने बांधायचा असेल, तर तो घराच्या व्हरांड्यासारखा बांधू नये. घातक रसायनांशी थेट संपर्कात येणाऱ्या भागाला मानकाने सर्वांत कडक गटात टाकले आहे: एम ४० प्रत, ७५ मिलिमीटर कव्हर, पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.४०. शेतकऱ्याला एवढा खर्च जड वाटतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान संपर्क तरी तोडावा. गोण्या कॉलम-भिंतीपासून दोन फूट दूर, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फळ्यांवर रचाव्यात, सांडलेला पोटॅश कोरडा झाडून उचलावा आणि पाण्याने धुऊ नये, फरशीला कॉलमपासून दूर जाणारा उतार द्यावा आणि कॉलमच्या खालच्या मीटरभर भागाला इपॉक्सीचा लेप द्यावा. सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड जवळपास नसतो. मात्र सल्फेट सिमेंटवरच निराळ्या रीतीने हल्ला करते, म्हणून तोही सांडू देणे योग्य नाही.

शौचालय आणि फरशीवरचे डाग काढायला जे ॲसिड वापरतात ते बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते चुनाही खाते आणि मागे क्लोराइडही सोडते, म्हणजे दोन्ही दुखणी एकाच बाटलीत. नवी फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला हे ॲसिड ओतून पाण्याने ढकलून देण्याची पद्धत आहे, आणि ते पाणी फरशीच्या सांध्यांतून खालच्या स्लॅबमध्ये उतरते. डाग ओले असतानाच पुसावेत. गोठ्यातल्या कॉलमची पायथ्याची बाजूही जनावरांच्या मुतातल्या क्षारांनी अशीच खराब होते. भिंतीला लोणा लागलेला दिसला म्हणजे तो क्लोराइडच, असे मात्र समजू नये. त्यात सल्फेट आणि नायट्रेटही असतात, आणि स्लॅबच्या खालच्या बाजूचे पांढरे ओघळ तर बहुधा गळतीबरोबर वाहून आलेल्या चुन्याचे असतात.

जुन्या घराची तपासणी

आधी डोळ्यांनी आणि हातोडीने. हलक्या हातोडीने स्लॅबच्या खालच्या बाजूला, बीमला आणि कॉलमला वीतभर अंतराने ठोकत जावे. शाबूत काँक्रीट खणखणीत वाजते आणि आत पापुद्रा सुटला असेल तिथे बद्द आवाज येतो. अशा जागा खडूने आखून घ्याव्यात. सळईच्या रेषेत सरळ जाणारा तडा बहुतेक वेळा गंजाचा असतो, तर वाकडेतिकडे, जाळीदार, उथळ तडे बहुतेक प्लास्टरचे असतात.

त्यानंतर कार्बोनेशनची चाचणी, जी कोणत्याही इंजिनीयरला अर्ध्या तासात करता येते. ७० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये १ ग्रॅम फिनॉल्फ्थॅलीन विरघळवून त्यात शुद्ध पाणी घालून १०० मिलिलिटर द्रावण करावे आणि ते फवाऱ्याच्या बाटलीत भरावे. प्लास्टर पूर्ण काढून छिन्नी-हातोडीने आरसीसीचा कोपरा किंवा कड ताजी फोडावी. पाणी वापरणारे कटर वापरू नये, कारण त्याचा राडा खोटा रंग देतो. धूळ फुंकून उडवावी आणि लगेच फवारावे. जिथे चुना शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, कार्बोनेट झालेला भाग बिनरंगी राहतो. पृष्ठभागापासून गुलाबी रेषेपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने किमान पाच ठिकाणी मोजावे, खडीच्या दगडावर मोजू नये, आणि सरासरीबरोबर सर्वांत मोठा आकडाही लिहून ठेवावा. फोडणे शक्य नसेल तर ड्रिल हळूहळू आत नेत पडणारी भुकटी फिनॉल्फ्थॅलीनने भिजवलेल्या गाळणकागदावर धरावी. भुकटी गुलाबी होताच थांबून भोकाची खोली मोजावी. भोके नंतर घट्ट सिमेंट मॉर्टरने बुजवावीत. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

आकडा हाती आला की त्याचा अर्थ लावता येतो. समजा वीस वर्षांच्या स्लॅबमध्ये खोली १५ मिलिमीटर निघाली. १५ ला २० च्या वर्गमुळाने, म्हणजे ४.४७ ने, भागले की गुणक ३.३५ येतो. कव्हर २५ मिलिमीटर असेल तर आघाडी तिथे साधारण पंचावन्नाव्या वर्षी पोहोचेल, म्हणजे अजून पस्तीस वर्षे हातात आहेत. कव्हर १८ च असेल तर एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे जेमतेम नऊ वर्षांनी. पीएच गुलाबी रेषेपाशी एकदम न बदलता तिच्या पुढेही काही मिलिमीटर उतरलेला असतो, म्हणून सळईपर्यंत ५ मिलिमीटर उरले असतील तर ते उरलेच नाहीत असे धरणे शहाणपणाचे. कव्हर किती आहे हे कव्हर मीटरने, तो नसेल तर दोन-तीन ठिकाणी सळई उघडी करून पाहावे.

क्लोराइडसाठी रंगाची झटपट चाचणी आहे, परंतु तिच्यावर एकट्या विसंबू नये. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट फवारले, तर मोकळा क्लोराइड असलेला भाग पांढुरका राहतो आणि नसलेला तपकिरी पडतो. कार्बोनेट झालेल्या भागात हा रंग फसवू शकतो आणि द्रावण हाताला लागले की काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत, म्हणून हातमोजे घालावेत. खरा आकडा प्रयोगशाळेतूनच मिळतो. पृष्ठभागापासून ०-१०, १०-२०, २०-३० आणि ३०-४० मिलिमीटर अशा थरांची ड्रिलची भुकटी निरनिराळ्या पाकिटांत घ्यावी, प्रत्येक थराआधी भोक आणि पाते कोरड्या ब्रशने साफ करावे आणि पाकिटावर खोली लिहावी. अहवालात टक्केवारी काँक्रीटच्या वजनाची आहे की सिमेंटच्या, हे विचारून घ्यावे. घनमीटरला २४०० किलो काँक्रीट आणि ३२० किलो सिमेंट धरले तर काँक्रीटच्या वजनाचे ०.०६ टक्के म्हणजे सिमेंटच्या वजनाचे ०.४५ टक्के होतात. पहिला आकडा क्षुल्लक वाटतो, दुसरा धोक्याच्या रेषेपलीकडचा आहे. बाहेरून आत थराथराने क्लोराइड कमी होत गेला असेल तर तो बाहेरून आला. सर्व थरांत सारखाच असेल तर तो बांधतानाच्या पाण्यातून किंवा रसायनातून आलेला असतो, आणि मग तो त्या दिवशी ओतलेल्या साऱ्या काँक्रीटमध्ये आहे असे गृहीत धरावे.

सळई प्रत्यक्ष गंजत आहे का, हे सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल पोटेन्शियल यंत्राने पाहता येते. तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने घेतलेले वाचन उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, आणि उणे ३५० पेक्षा अधिक ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. उन्हाळ्यात काँक्रीट अगदी कोरडे असताना ही वाचने बोलत नाहीत, पावसाळ्यानंतर घ्यावीत.

दुरुस्ती

कॉलम किंवा मुख्य बीम फोडण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीयरला बोलवावे आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे टेकू लावावेत. हे वाक्य पुढच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

दुखणे निव्वळ कार्बोनेशनचे असेल तर दुरुस्ती भरवशाची होते. आधी पाण्याची वाट बंद करावी, म्हणजे गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाथरूमचे सांधे आणि पन्हाळी नीट कराव्यात; गळती चालू ठेवून खालून केलेले पॅचकाम हा पैसा पाण्यात टाकण्याचा शब्दशः प्रकार आहे. मग बद्द वाजणारे सर्व काँक्रीट काढावे, सळईच्या मागेही बोट जाईल इतकी, २०-२५ मिलिमीटर, जागा मोकळी करावी आणि गंज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने धातू चमकेपर्यंत काढावा. गंज काढण्याच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर ते वापरू नये. सळईचा छेद पाव भागाने किंवा अधिक घटला असेल तर इंजिनीयरने सांगितलेल्या लांबीचा लॅप, म्हणजे दोन सळया शेजारी ठेवून केलेला जोड, देऊन जोडसळई बांधावी. सळईला जस्तयुक्त प्रायमर किंवा पॉलिमर-सिमेंटचा लेप द्यावा, जुने काँक्रीट ओले करून बाँडिंग कोट लावावा आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मिसळलेले मॉर्टर दाबून थरांत भरावे. खड्डा प्लॅस्टर ऑफ पॅरिसने बुजवून वर रंग मारण्याचे काम आपल्याकडे सर्रास चालते. जिप्समला अल्कधर्मिता नसते, ते ओल धरते आणि सळई आतल्या आत झिजत राहते. मॉर्टर भरल्यावर त्यालाही पाणी मारावे आणि शेवटी बाहेरच्या पृष्ठभागाला कार्बोनेशनविरोधी ॲक्रिलिक रंग द्यावा, जो कार्बन डायऑक्साइड अडवतो पण आतली वाफ बाहेर सोडतो. नुसत्या चुन्याच्या सफेदीने हे काम होत नाही. १२-१५ मिलिमीटरचे घट्ट सिमेंट प्लास्टर मात्र आघाडीला खरोखरच उशीर करते.

क्लोराइडच्या बाबतीत हीच कृती अपुरी पडते. पॅच भरलेल्या जागी सळई पुन्हा सुरक्षित होते, पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड तसाच असतो. पूर्वी गंजणारी जागा आसपासच्या सळईला नकळत वाचवत होती, ती आता वाचवेनाशी होते आणि पॅचच्या कडेला, दोन-तीन वर्षांत, नवा गंज सुरू होतो. गोदामाच्या कॉलमला तिसऱ्यांदा पॅच मारण्याची वेळ येते ती गवंड्याच्या हलगर्जीपणानेच असे नाही. अशा ठिकाणी प्रयोगशाळेच्या आकड्यांनुसार क्लोराइडयुक्त सर्व काँक्रीट सळईच्या मागपर्यंत, दिसणाऱ्या नुकसानाच्या पलीकडे जाऊन, काढावे. उघडी सळई स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन खड्ड्यांत अडकलेले मीठ काढावे, आणि पॅचच्या कडेने सळईला जस्ताचे बळी ॲनोड बांधावेत, जे स्वतः झिजून सळईला वाचवतात. क्लोराइड पूर्ण कॉलमभर असेल तर जॅकेटिंग (कॉलमभोवती नवे काँक्रीट चढवणे), विद्युत संरक्षण (सळईला बारीक वीजप्रवाह देऊन गंज रोखणे) किंवा तो भाग पाडून नव्याने करणे, यांपैकी काय परवडते याचा हिशेब इंजिनीयरबरोबर बसून करावा.

दुरुस्तीनंतर मोजलेल्या खोल्या, कव्हरचे आकडे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि तपासलेल्या जागांचा नकाशा घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. दर पाच वर्षांनी, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास भिंती निथळलेल्या पण पूर्ण वाळलेल्या नसताना, त्याच जागांच्या शेजारी, जुन्या भोकापासून निदान वीतभर अंतर ठेवून, पुन्हा मोजमाप घ्यावे.